परदेशात राहून पेठेच्या फुटबॉल टीमचा हंगाम कसा धरून ठेवायचा? (साठी ओलांडलेल्यांसाठी माहितीचा धागा)

पंचगंगाकाठ

कोल्हापूर सोडून मुलांकडे दुबई, लंडन, न्यू जर्सी, मेलबर्नला स्थिरावलेली पेठेतली बरीच माणसं आता साठी-सत्तरीत आहेत. लग्न, बारसं, मयत सगळं फोनवर कळतं. शाहू स्टेडियमवरचा हंगाम मात्र हळूहळू हातातून सुटतो आणि दोन वर्षांनी आपल्याच टीममधला एकही पोरगा ओळखू येत नाही. तसं होऊ नये म्हणून हा धागा. पाटाकडील, शिवाजी, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस, कुणाचेही सपोर्टर असा, इथं फक्त उपयोगाचं लिहा. पेठांची भांडणं दुसरीकडे.

सुरुवात हंगामाच्या सांगाड्यापासून करतो. पावसाळा संपला की केएसएकडे (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) खेळाडू नोंदणी होते. मग शाहू छत्रपती लीग. ती संपली की वेगवेगळ्या चषकांच्या नॉकआउट स्पर्धा, त्या पार उन्हाळ्यापर्यंत. दूर राहणाऱ्यानं सगळ्यांत जास्त लक्ष नोंदणीच्या दिवसांत द्यावं, कारण कोण कुठल्या तालमीत (म्हणजे पेठेच्या फुटबॉल क्लबात) गेला हे तेव्हाच ठरतं. बहुतेक लोक थेट पहिल्या मॅचला जागे होतात आणि मग अर्धा हंगाम "हा कोण?" विचारण्यात जातो.

वेळापत्रक आणि निकाल स्थानिक दैनिकांच्या कोल्हापूर आवृत्तीत, खेळाच्या पानावर येतात. राज्य आवृत्ती उघडली तर त्यात काही मिळत नाही, ई-पेपरवर आवृत्ती निवडताना 'कोल्हापूर शहर' घ्या. आणि नावापुढचं 'अ' की 'ब' ते बघून घ्या. एकाच तालमीच्या दोन टीम वेगवेगळ्या गटांत खेळत असतील तर 'ब'चा निकाल वाचून लोक उगाच नाराज होतात.

सातासमुद्रापार

वेळेचा हिशेब एकदाच नीट लिहून ठेवतो, कारण सगळ्यांत जास्त मॅच इथंच चुकतात.

कोल्हापुरात चारची मॅच असेल तर दुबईत अडीच, सिंगापुरात संध्याकाळचे साडेसहा. इथं वर्षभर फरक बदलत नाही. लंडनला हिवाळ्यात सकाळी साडेदहा, जर्मनीत साडेअकरा, न्यू जर्सीत पहाटे साडेपाच, कॅलिफोर्नियात मध्यरात्रीनंतर अडीच, मेलबर्नला रात्री साडेनऊ.

आता घोळ कुठं होतो ते बघा. भारतात घड्याळ हलत नाही, या देशांत हलतं, आणि तेही हंगाम ऐन रंगात असताना. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढं करते, युरोप मार्चच्या शेवटच्या रविवारी. म्हणजे मधले दोन-तीन आठवडे अमेरिकेतली वेळ बदललेली आणि लंडनची जुनीच. त्यानंतर चारची मॅच न्यू जर्सीत साडेसहाला आणि लंडनला साडेअकराला येते. मेलबर्नचं उलटं आहे: एप्रिलच्या पहिल्या रविवारी घड्याळ मागं जातं, त्यामुळं साडेनऊऐवजी साडेआठ. तिथला माणूस एक तास उशिरा टीव्ही लावतो आणि उत्तरार्धच त्याच्या वाट्याला येतो.

उपाय सोपा आहे. फोनच्या कॅलेंडरमध्ये मॅच टाकताना टाइम झोन 'कोलकाता' निवडा. वेळ भारतातली टाका, फोन तिथलं रूपांतर स्वतः करतो. भिंतीवर दुसरं घड्याळ भारताच्या वेळेवर लावलं तर त्याहून बरं, वयस्कर माणसाला बघायला तेच सोयीचं.

गॅलरीतला

प्रक्षेपणाबद्दल. स्थानिक चॅनेल यूट्यूबवर आणि फेसबुकवर लाइव्ह दाखवतात. स्पर्धा बदलली की दाखवणारं चॅनेलही बदलू शकतं, म्हणून एकाच लिंकवर विसंबून राहू नका. चार-पाच चॅनेल सबस्क्राइब करून घंटीवर 'सर्व' निवडा.

मधेच प्रक्षेपण तुटतं त्याचं कारण बहुतेक वेळा तुमच्या घरचं इंटरनेट नसतं. मैदानावरून चित्र वर पाठवायला मोबाइल नेटवर्क वापरलेलं असेल आणि गॅलरी भरली असेल, तर त्याच टॉवरवर हजारो फोन चालू असतात. वर पाठवायचा वेग पडतो आणि चित्र थिजतं. म्हणून मोठ्या मॅचला जास्त तुटतं, साध्या मॅचला कमी. अशा वेळी राउटर बंद-चालू करण्यात दहा मिनिटं घालवू नका. प्रक्षेपण पुन्हा सुरू होताना बऱ्याचदा नवी लिंक तयार होते आणि जुनी 'संपलं' असं दाखवत राहते. चॅनेलच्या पानावर जाऊन 'लाइव्ह' टॅब उघडा, नवी तिथं सापडेल.

चित्र अडखळत असेल तर दर्जा 'ऑटो'वर न ठेवता ७२० वर पक्का करा. मूळ चित्रच कमी डेटाचं असेल तर १०८० निवडून काही फायदा होत नाही.

फेसबुकचं एक ध्यानात ठेवा. २०२५ च्या फेब्रुवारीपासून फेसबुक लाइव्हचं रेकॉर्डिंग ३० दिवसच राहतं, नंतर आपोआप पुसलं जातं. फायनल जपून ठेवायची असेल तर चॅनेल चालवणाऱ्याला आधीच सांगा, की बाबा, ही उतरवून यूट्यूबवर टाक. महिना उलटल्यावर हळहळून काही मिळत नाही.

यूट्यूबवरही कधी कधी मागाहून मॅचचा आवाज गायब होतो किंवा काही देशांत व्हिडिओच दिसत नाही. मैदानात मध्यंतराला लाउडस्पीकरवर सिनेमाची गाणी लागतात, ती यूट्यूबची यंत्रणा ओळखते आणि गाण्याच्या मालकाच्या अटी लागू होतात. चॅनेलवाल्यांनी मध्यंतरात माइक बंद ठेवला तर हा त्रास टळतो. हे कुणीतरी त्यांच्या कानावर घालाच.

तांबडापांढरा

लाइव्ह बघताना ग्रुप आधी म्यूट करा, हे मी ठळक अक्षरांत लिहीन. यूट्यूबवरचं चित्र मैदानाच्या १५ ते ६० सेकंद मागं असतं. गॅलरीतल्या पोरानं "गोऽऽल" टाकलेलं तुमच्या फोनवर आधी वाजतं आणि पडद्यावर बॉल अजून मध्यरेषेवरच असतो. टायब्रेकरला (बरोबरीनंतरच्या पेनल्टींना) तर सगळी मजाच जाते. मधे एकदा जरी पॉज केलं असेल तरी तेवढं आणखी मागं पडता, तेव्हा 'लाइव्ह' शब्दाशेजारचा ठिपका तांबडा आहे ना ते बघा. करडा असेल तर त्यावर दाबा.

राइट_हाफ

तांबडापांढरा यांचं बरोबर, पण अमेरिकेतल्या सत्तरीच्या माणसानं पहाटे साडेतीनला उठून लाइव्ह बघावं असं मी सुचवणार नाही. दिवसाला दोन मॅच असल्या की पहिली तिकडं मध्यरात्रीनंतरच पडते. आठवड्यातून चार दिवस अशी झोप मोडली की रक्तदाब आणि साखर दोन्हीचं गणित बिघडतं, शिवाय सकाळच्या गोळ्यांची वेळ हुकते. लाइव्ह फक्त पेठेच्या मोठ्या मॅचला ठेवा. बाकीच्या सकाळी नाष्ट्याबरोबर, निकाल न कळता बघा.

निकाल न कळता बघायची युक्ती अशी. आदल्या रात्री तालमीचे सगळे ग्रुप अर्काइव्हमध्ये टाका, आणि चॅट सेटिंगमध्ये 'चॅट अर्काइव्ह केलेल्याच ठेवा' हे चालू असू द्या, नाहीतर नवा मेसेज आला की ग्रुप परत वर येतो. स्टेटस बघू नका, तिथं गुलालाचा फोटो असतोच. यूट्यूब उघडताना मुख्य पानावरून जाऊ नका, कारण हायलाइट्सच्या चित्रावर स्कोअर मोठ्या अक्षरांत लिहिलेला असतो. टीव्हीवर 'सबस्क्रिप्शन'मध्ये जाऊन पूर्ण मॅचचा व्हिडिओ लावा. आणि व्हिडिओची एकूण लांबी बघायची नाही. नॉकआउटची मॅच नेहमीपेक्षा अर्धा तास लांब दिसली की टायब्रेकर झाला हे आधीच कळतं.

आता खरी अडचण. मॅच दिसते पण पोरं ओळखू येत नाहीत. कॅमेरा बहुतेक वेळा एकच, उंचावर, मध्यरेषेसमोर. लांबच्या डी मधला (गोलसमोरच्या चौकोनातला) खेळाडू नखाएवढा दिसतो. चारनंतर ऊन तिरपं झालं की गॅलरीची सावली मैदानावर येते. अर्धं मैदान लख्ख, अर्धं काळपट, आणि सावलीत शिरलेल्या पोराचा नंबर वाचता येत नाही. मोतीबिंदू पिकलेल्या डोळ्याला तर अजिबात नाही. टीव्हीची ब्राइटनेस वाढवून हे सुटत नाही, उलट उजेडातला भाग आणखी पांढरा पडतो. सेटिंगमध्ये 'शॅडो डिटेल' किंवा 'ब्लॅक लेव्हल' असेल तर ते थोडं वर घ्या. 'मोशन स्मूदिंग' बंद करा, कमी डेटाच्या चित्रात त्यानं बॉलला शेपटी येते.

आणि नंबरावर विसंबू नका. प्रायोजक बदलला की जर्सी बदलते, कधी नंबरही. खेळाडू जागेवरून आणि चालीवरून ओळखायला शिका. एक वही करा. प्रत्येक पोरासाठी एक ओळ: नाव, जागा (गोली, स्टॉपर, लेफ्ट बॅक, हाफ, विंग, फॉरवर्ड), उजवा की डावा पाय, मागच्या वर्षी कुठल्या तालमीत, आणि ओळखायची एक खूण, जसं की केस, बुटाचा रंग, थ्रो-इन लांब टाकतो का, कॉर्नर कोण मारतो. परदेशी खेळाडू आधी ओळखू येतात, त्यांच्यापासून सुरुवात करा. तो कुणाला पास देतो, कोण त्याच्या मागं कव्हरला राहतो, असं करत तीन मॅचमध्ये अकराच्या अकरा जागा भरतात. माझ्या मते सगळ्या धाग्यात हेच काम सर्वांत महत्त्वाचं. वही भरलेला माणूस भाच्याला फोनवर "काय झालं?" विचारत नाही, "लेफ्ट बॅक वर का गेला होता?" असं विचारतो. मग पलीकडचं पोरगंही अर्धा तास बोलतं.

शिट्टी

राइट_हाफ यांच्या वहीत एक रकाना वाढवा: कार्ड. पिवळं कुणाला, लाल कुणाला, कुठल्या मॅचमध्ये. पुढच्या मॅचला एखादा हुकमी खेळाडू का दिसत नाही याचं उत्तर बहुतेक वेळा तिथंच सापडतं. ग्रुपवर मात्र त्याच वेळी "त्याला मुद्दाम बसवला" अशी चर्चा सुरू असते.

दुसरं, लांबून रेफरीवर शेरे मारताना जपा. एका कॅमेऱ्यातून ऑफसाइड कळत नाही. कॅमेरा मध्यरेषेवर असतो, बचावाच्या रेषेत नसतो, त्यामुळं तिरकं बघितल्यावर बरोबरीतला खेळाडू पुढं वाटतो. परदेशातून टाकलेली चिथावणीची पोस्ट पेठेत फिरते आणि त्याचे परिणाम गॅलरीतल्या पोरांना भोगावे लागतात. मैदानातल्या हुल्लडबाजीनं सामने थांबतात, बंदोबस्त वाढतो, हंगाम लांबतो. बाहेर बसलेल्या वडीलधाऱ्याचा शब्द पोरं ऐकतात, तो शांत करायला वापरा.

रविवारपेठ_ताई

ऐकण्याबद्दल कुणी लिहिलं नाही. हलगी, पिपाण्या आणि समालोचक हे सगळं एकाच माइकमध्ये येतं, आणि वय झालेल्या कानाला त्यातून बोलणं वेगळं काढता येत नाही. आवाज वाढवला की हलगीच वाढते. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये 'क्लिअर व्हॉइस' असेल तर ते लावा, नसेल तर बेस कमी आणि ट्रेबल थोडा जास्त करा. श्रवणयंत्र असेल तर त्याच कंपनीचा टीव्ही स्ट्रीमर मिळतो. छोटी डबी टीव्हीला जोडायची, आवाज थेट यंत्रात येतो आणि घरातल्यांची झोपही मोडत नाही. विकत घेण्याआधी टीव्हीला ऑप्टिकल की हेडफोनचं भोक आहे ते बघा, नाहीतर वायर जुळत नाही.

आणखी एक. भारतातला मोबाइल नंबर चालू ठेवा. ई-पेपरचं लॉगिन, बँक, सगळ्यांचे ओटीपी त्यावरच येतात. निघण्यापूर्वी रोमिंग सुरू करून घ्या, कारण परदेशातून ते करायला पुन्हा ओटीपी लागतो. रीचार्जची वैधता संपू देऊ नका. ९० दिवस काहीच वापर नसेल तर नंबर बंद होऊन दुसऱ्याला जाऊ शकतो, आणि मग त्या नंबरावरचं व्हॉट्सअ‍ॅपही जातं, तालमीच्या सगळ्या ग्रुपांसकट. नंबर सोडायचाच असेल तर आधी व्हॉट्सअ‍ॅपमध्ये 'नंबर बदला' करून घ्या.

हिशेबनीस

पैशाचं नीट वाचा. इथं चांगल्या मनानं चूक होते आणि अडचणीत तालीम येते.

तुमचा पासपोर्ट भारतीय असेल, म्हणजे तुम्ही नुसते एनआरआय असाल, तर स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत तालमीला दिलेली देणगी 'परदेशी अंशदान' धरली जात नाही. एनआरई किंवा एनआरओ (एनआरआयसाठीच्या भारतीय बँकेतल्या) खात्यातून मंडळाच्या नावच्या खात्यात पाठवा, पावती घ्या, पासपोर्टची प्रत मंडळाकडे राहू द्या. ठरावीक देशांतले मोबाइल नंबर या खात्यांना जोडून यूपीआयही चालतं, त्यात अमेरिका, ब्रिटन, यूएई, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया आहेत. बँकेला विचारून जोडून घ्या.

पासपोर्ट परदेशी झाला असेल, ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड असलं तरी, तुम्ही कायद्याच्या नजरेत परदेशी स्रोत आहात. २०१० च्या एफसीआरए (परदेशी अंशदान नियमन) कायद्यानुसार तुमच्याकडून देणगी घ्यायला संस्थेला नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि ती रक्कम फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खास खात्यातच यावी लागते. तालमीकडे हे नसेल तर एक रुपयाही पाठवू नका. रुपयांत दिले तरी तोच नियम. भावाच्या खात्यात टाकून त्याच्याकडून द्यायचं, हाही मार्ग नाही. पैसा पुढं सरकवला तरी मूळ परदेशीच राहतो.

मग करायचं काय? तालीम जर्सी विकत असेल तर ठरलेल्या किमतीला विकत घ्या. मालाच्या बदल्यात दिलेली रास्त किंमत ही देणगी नाही. एखाद्या खेळाडूला त्याच्या स्वतःच्या वापरासाठी बूट भेट देता येतात, एक लाख रुपयांपर्यंतच्या वैयक्तिक भेटवस्तूला या कायद्यात सूट आहे. त्यापलीकडं काही करायचं असेल तर मंडळाच्या सीएशी आधी बोला.

डावा_आउट

बूट पाठवणार असाल तर पोराला "साइज काय?" असं नुसतं विचारू नका. कागदावर पाय ठेवून टाचेपासून सगळ्यांत लांब बोटापर्यंत मिलिमीटरमध्ये मोजायला सांगा, संध्याकाळी, मोजे घालून, दोन्ही पाय. आपल्याकडं यूके नंबर चालतो. अमेरिकेतला ९ आणि यूकेचा ९ सारखे नाहीत, कंपनीनुसार अर्ध्या ते एका नंबराचा फरक पडतो. फेब्रुवारीनंतर मैदान टणक होतं. धातूच्या स्टडचे एसजी (मऊ मैदानाचे) बूट त्यावर रुतत नाहीत, सगळा भार स्टडच्या टोकांवर येतो आणि टाच व गुडघा दुखतो. एफजी (टणक मैदानाचे) घ्या, किंवा आखूड आणि जास्त स्टडचे एजी (कृत्रिम गवताचे).

बॉल नेणार असाल तर हवा काढून न्या, साइज ५. हवा काढताना पिन थुंकीनं किंवा ग्लिसरिननं ओली करा, कोरडी घातली की आतला रबरी वॉल्व्ह फाटतो. परत भरताना ०.६ ते १.१ बार ही नियमातली मर्यादा.

उलट दिशेनं जर्सी मागवणाऱ्यांसाठी: 'एल' सांगू नका, छाती इंचात सांगा आणि चार इंच सैल मागा. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलची करमाफी २०२५ च्या ऑगस्टअखेर उठली, ब्रिटनमध्ये ३९ पौंडांपर्यंतच्या भेटीवर व्हॅट नाही. सगळ्यांत सोपं म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याच्या बॅगेत. धुताना उलटी करून थंड पाण्यात, नंबरावरून इस्त्री फिरवू नका.

म्हापशेकार

गोव्यातल्या टीम बाहेरून बघणाऱ्यांनाही यातलं जवळपास सगळं लागू पडतं. धेंपो पाच वेळा राष्ट्रीय विजेता झालेला क्लब, आणि २०२४-२५ ला पुन्हा आय-लीग या राष्ट्रीय लीगमध्ये आला. राज्याची लीग आणि राष्ट्रीय लीग वेगवेगळ्या ठिकाणी दिसतात, म्हणून वहीत स्पर्धेगणिक वेगळं पान करा.

पंचगंगाकाठ

कोल्हापूरच्या पोरांनाही तसंच पान हवं. अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, पुढं आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) गेला. बाहेर गेलेल्या पोरांच्या मॅच मोठ्या प्रक्षेपणात असतात, त्या बघणं सोपं.

सातासमुद्रापार

प्रत्यक्ष मॅचला येणाऱ्यांसाठी. फायनल धरून विमानाचं तिकीट काढू नका. निवडणूक, परीक्षा, दुसरीकडं गुंतलेला पोलीस बंदोबस्त, कशानंही तारीख पुढं जाते. लीगच्या ऐन मध्यात तीन आठवडे या, चार-पाच मॅच नक्की पदरात पडतात. मुंबईहून रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस आहे. पुण्याहून २०२४ च्या सप्टेंबरपासून वंदे भारतही आहे, पण ती रोज नसते, वार बघा. स्टेडियमवर दगडी-काँक्रीटच्या पायऱ्यांवर दोन तास बसायचं असतं, तेव्हा जाड उशी, टोपी, पाणी, आणि कठड्याजवळची जागा, म्हणजे उठताना हाताला आधार मिळतो. शेवटच्या शिट्टीच्या पाच मिनिटं आधी बाहेर पडा किंवा गर्दी ओसरेपर्यंत बसून राहा. मधल्या रेट्यात उतरू नका.

रविवारपेठ_ताई

एक प्रश्न. रिमोटनं चॅनेलचं नाव टाइप करायला ज्येष्ठांना जमत नाही, एक-एक अक्षर शोधण्यात किकऑफ जातो. काय करावं?

गॅलरीतला

ताई, टाइप करूच नका. त्यांच्या फोनवरचं गूगल खातं तेच टीव्हीच्या यूट्यूबवर लावा. मग फोनवर सबस्क्राइब केलेली चॅनेलं टीव्हीच्या डाव्या पट्टीत आपोआप दिसतात, आणि लाइव्ह चालू असलेल्याला तांबडी खूण असते. घरातल्या सगळ्यांचं एकच खातं असेल तर मुलांच्या चॅनेलांत कोल्हापूर बुडून जातं, म्हणून त्यांच्यासाठी वेगळं खातं काढा आणि त्यात फक्त ही चार-पाच चॅनेलं ठेवा. रिमोटवर माइकचं बटण असेल तर ते दाबून "शाहू स्टेडियम लाइव्ह" म्हणायचं. हंगाम सुरू व्हायच्या आधी एखाद्या जुन्या मॅचवर दोन-तीनदा सराव करून घ्या.